आहे आणि होतो

पुसदच्या बोर्डिंगात शिष्यवृत्तीचे कागद माझ्याकडे आले ते माझं अक्षर चांगलं होतं म्हणून नव्हे. माझं अक्षर वाईट होतं, अजूनही आहे. कागद माझ्याकडे आले ते मी भांडतो म्हणून. मॅट्रिक होऊन मी घरी बसलो होतो, म्हणजे पत्रकं लिहीत होतो. विहीर का खुली होत नाही, मजुरीचं धान्य निवडलेलं का देत नाहीत, असले मथळे. बोर्डिंग चालवणाऱ्या मंडळींना वाटलं, जो पत्रक लिहितो त्याला अर्जही लिहिता येत असेल. दोन्हीत काय फरक असतो ते मला लवकरच कळलं. पत्रकात आपण सरकारला प्रश्न विचारतो. अर्जात सरकार आपल्याला विचारतं, आणि उत्तर कोणतं हवं तेही आधीच छापून पाठवतं.

बोर्डिंग म्हणजे जिनिंगचं एक जुनं गोदाम. सरकी गेली होती, वास राहिला होता. महागावकडची, नेरकडची, तांड्यांवरची पोरं तिथं राहून हायस्कुलात जायची. बहुतेक आमची, काही बंजाऱ्यांची. शिष्यवृत्ती मिळाली तर फी, पुस्तकं आणि ज्वारी निघायची. नाही मिळाली तर पोरगा एके दिवशी वळकटी बांधायचा आणि त्याचं नाव हजेरीतून जायचं. कोणी दंगा करत नसे. मला त्या शांततेचाच राग यायचा.

ज्या मुलीची ही गोष्ट आहे ती बोर्डिंगात नव्हती. ती तिच्या आत्याकडे राहायची, पण तिचे कागद बोर्डिंगच्या गठ्ठ्यातच होते. महागावजवळच्या एका खेड्यातली, दहावीत, तिथल्या आमच्या मोहल्ल्यातून हायस्कुलापर्यंत पोचलेली त्या वर्षी ती एकटीच. उंच, सावळी, आणि तोंडाची फटकळ. आमची ओळख झाली ती भांडणातून. मी वाटलेलं एक पत्रक तिनं मला परत आणून दिलं. त्यावर पेन्सिलीनं जागोजाग खुणा केल्या होत्या.

"भाऊ, तुमचा राग बराबर हाये," ती म्हणाली. "पण वाक्य चुकून राह्यले. सुरुवात वर्तमानकाळात अन् शेवट भूतकाळात. वाचनाऱ्याले समजत नाही का जुलूम चालू हाये का संपला."

मी म्हटलं, छापखान्याची चूक असेल. ती म्हणाली, छापखान्याची चूक 'द्ध'ची, ते मले मालूम हाये. तेही खरं होतं. पुसदच्या छापखान्यात 'द्ध'चे खिळे मोजकेच होते. कोणाला तेवढी गरजच पडली नव्हती. छप्पनच्या धर्मांतरापासून आमच्या प्रत्येक पत्रकात 'बौद्ध' हा शब्द ओळीओळीला यायला लागला आणि खिळे जुळवणारा वैतागला. अर्ध्यावर खिळे संपायचे. मग तो मला विचारायचा, इथं 'आम्ही' टाकू का? त्यामुळे माझ्या पत्रकांत सुरुवातीला बौद्ध असायचे आणि खालच्या भागात नुसते आम्ही.

मुलीचा बाप मजुरी करायचा. त्याच्या घराकडे गावकीची काठी होती, म्हणजे मेलेली जनावरं ओढायची, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढं धावायचं, मयतीची वर्दी घेऊन गावोगाव जायचं. अठ्ठावनच्या दसऱ्याला नागपूरहून तो दीक्षा घेऊन आला आणि पाटलाच्या ओसरीवर काठी ठेवून परत फिरला. मग तो चालत पुसदला आला, हायस्कुलात गेला आणि बाबूला म्हणाला, माझ्या पोरीच्या नावापुढं जे लिहिलं आहे ते काढा. 'हिंदू महार' यावर रेघ पडली आणि वर लाल शाईनं 'बौद्ध' आलं. बापाला वाचता येत नव्हतं. त्यानं बाबूकडून ते मोठ्यानं वाचून घेतलं. मग वर्गात जाऊन पोरीला बोलावलं आणि तिच्याकडूनही वाचून घेतलं, बाबूनं खोटं सांगितलं असेल तर कळावं म्हणून. शाळेच्या फाटकाशी उभं राहून त्यानं भेटेल त्याला गूळ-फुटाणे वाटले. त्याच्या मागं त्या गावच्या सगळ्याच पोरांच्या नावांत बदल झाला. असं करा म्हणून मीच पत्रक काढलं होतं, आणि आज परत वेळ आली तर परत काढीन.

पुढच्या खेपेला अर्ज परत आले. सगळे. शेरा एकच होता: विद्यार्थी यादीतील जातीचा नाही.

मी अर्ज पिशवीत घातले आणि मोटारीनं यवतमाळला गेलो. शिष्यवृत्तीच्या टेबलावरचा बाबू तसा वाईट माणूस नव्हता, हे मला आधीच सांगितलं पाहिजे. दुष्ट माणसावर पत्रक लिहिणं सोपं असतं. हा हसतमुख होता, त्यानं मला बसायला खुर्ची दिली, आणि मला 'पुढारी' म्हणायचा. त्यानं शांतपणे समजावलं. बौद्ध हा धर्म आहे, जात नाही. आमच्याकडे जातींची यादी आहे. यादीत हे नाव नाही.

मी म्हटलं, घर तेच आहे, बाप तोच आहे, मजुरी तीच आहे.

"पण पुढारी, जात तर तुम्हीच सोडली ना? वाजतगाजत सोडली. मग सोडलेल्या जातीचे पैसे कशाला मागता?"

आजूबाजूच्या टेबलांवरचे हसले. या वाक्यावर मी नंतर किती रात्री तळमळलो. त्या क्षणी एवढंच सुचलं की मी म्हटलं, "आमी सोडली साहेब, पण गावानं नाई सोडली. गावच्या विहिरीवर या. तिथं आमाले कोनी बौद्ध म्हनत नाई." यावर तो हसला नाही. पण त्याच्या यादीत विहिरीसाठी रकाना नव्हता.

मग तो आवाज उतरवून म्हणाला की एक रस्ता आहे. गावच्या पाटलाचा दाखला आणा, की हा इसम हिंदू महार आहे. त्यावर तहसीलदाराची सही घ्या. शाळेत परत पूर्वीसारखं लिहून घ्या. घरी तुम्ही काहीही असा, कोण बघायला येतं? पुष्कळांनी असं केलं.

पुष्कळांनी खरंच केलं होतं. मी त्यांना भेकड म्हणत नाही. पोराचं शिक्षण एका बाजूला ठेवून बापाला विचारायचं की तू कोण आहेस, आणि उत्तर आम्हाला हवं तेच लिही म्हणायचं, यात भेकड कोण असेल तर विचारणारा. बोर्डिंगातल्या एका बंजारा पोराचा बाप त्या दिवसांत तांड्यावरून ज्वारी घेऊन आला होता. त्याला मी हे सगळं सांगितलं, तर तो विडी पेटवत म्हणाला, "तुमचं तं एक नाव बुडालं भाऊ. आमाले एका कचेरीत बंजारा म्हनते, एका कचेरीत लमान, एका कचेरीत लभानी. जिथं जातो तिथं दुसरं पाह्यजे असते." आणि तो स्वतःच खूप वेळ हसला. मला हसू आलं नाही.

मी खेड्यात गेलो आणि बाबूचा रस्ता मुलीच्या आईबापांना सांगितला. माझं मत सांगितलं नाही. आई चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "लिहा काय लिहाचं थे. कागदावर लिहिल्यानं का देव घरात येऊन बसते? माही पोरगी शिकली पाह्यजे." बापानं तिच्याकडे पाहिलं, पायात वहाणा घातल्या आणि माझ्यासोबत निघाला. मला वाटलं, तयार झाला.

पाटील ओसरीवर होता. काठी परत ठेवलेली ती हीच ओसरी. आम्ही खाली अंगणात उभे. मला वाटलं होतं पाटील अडवणूक करील, हेलपाटे घालायला लावील. तसं काहीच झालं नाही. पाटील खूश झाला. त्यानं लगेच दौत मागवली. आमच्या लोकांना हवा असलेला एवढा एकच कागद त्यानं आयुष्यात आनंदानं लिहायला घेतला असेल. लिहिता लिहिता म्हणाला, "मी तं रोजच सांगून राह्यलो होतो. आज सरकार तुमच्याच तोंडून वदवून घेऊन राह्यलं." मग लेखणी वर धरली आणि बापाकडे बघितलं. "दाखला माहा हाये, पण बोलनं तुहं पाह्यजे. मी मनानं कसं लिहू? सांग, कोन आहेस तू?"

ओसरीवर दोघंतिघं बसले होते. तेही ऐकू लागले. बाप उभा होता, मान खाली नाही, वर नाही. मला वाटलं त्याला ऐकू आलं नसावं. पाटलानं परत विचारलं.

"बौद्ध," बाप म्हणाला.

पाटलानं दौतीचं झाकण लावलं. "मंग कायचा कागद?"

घरी आई वाटच बघत होती. रिकामे हात बघून तिनं जे सुरू केलं ते सगळ्या मोहल्ल्यानं ऐकलं. एक शब्द बोलला असता तर जीभ झडली असती काय, आजवर सगळं गाव तेच म्हणत होतं तेव्हा नाही मेला, पोरीच्या नशिबात तुझ्यासारखंच खुरपं आहे काय. बाप ऐकून घेत राहिला. ती चुकीचं बोलत नव्हती. तोही चुकला नव्हता. दोन बरोबर माणसांना एकमेकांच्या अंगावर सोडून देणारा हा कायदा यवतमाळच्या एका हसतमुख टेबलावर आरामात बसला होता. मी आयुष्यात कोणाचा इतका राग केला नाही.

पुसदला आत्यानं काही महिने सांभाळलं. तिची स्वतःची लेकरं होती, घरात एकटा कमावता. एके दिवशी मुलगी वळकटी घेऊन गेली. अकरावी, मॅट्रिकचं वर्ष, सुरू व्हायच्या आधी तिचं नाव कमी झालं. वर्गातली बाकीची पुढं गेली आणि ती आईबरोबर कापूस वेचायला जाऊ लागली.

मी पत्रक काढलं. 'शिष्यवृत्ती कोणाला?' असा मथळा होता. सभा घेतल्या, यवतमाळला निवेदन दिलं, मुंबईला तारा केल्या. आमच्यासारखे ठिकठिकाणी तेच करत होते. मी त्या खेड्यात पत्रकं घेऊन गेलो तेव्हा ती शेतावरून येत होती. ओटीत कापूस होता. तिनं एक पत्रक घेतलं, तिथंच उभं राहून वाचलं, आणि म्हणाली, या खेपेस वाक्यं बरोबर आहेत. मला बरं वाटलं. मग म्हणाली, "पन भाऊ, याच्यात तुमी लिहिलं का पोरं शाळा सोडून राह्यले. सोडून नाई राह्यले. सोडली. मी सोडली." आणि पत्रक घडी करून कापसातच ठेवलं.

साठ साली मराठी मुलखाचं वेगळं राज्य झालं आणि मुंबईहून हुकूम निघाला. धर्मांतर केलेल्यांनाही राज्याच्या सवलती मिळतील. त्यांना एक नाव दिलं होतं: नवबौद्ध. आमच्या सभेत एक म्हातारा उठून म्हणाला, हे नवं किती दिवस राहील? धोतर धुतलं का जुनं होते. सगळे हसले. मीही हसलो, कारण हातात हुकमाचं कात्रण होतं. मी धावत यवतमाळला गेलो. तोच बाबू, तीच खुर्ची. त्याला खरंच आनंद झाला होता. म्हणाला, बघा पुढारी, शेवटी झालं की नाही? आता फक्त दाखला आणा.

कसला दाखला?

धर्मांतराआधी यादीतल्या जातीचे होता असा. नाहीतर उद्या कोणीही उठून नवबौद्ध म्हणेल. आणि त्यानं मला छापील नमुना दिला. मी तिथंच वाचला. 'सदर इसम हिंदू ______ जातीचा आहे.' नमुना जुनाच होता. हुकूम नवा, छपाई जुनी.

मी ती मोकळी जागा बघत राहिलो. म्हणजे परत तीच ओसरी आणि तोच प्रश्न.

मी सरळ खेड्यात गेलो. घरात सगळ्यांसमोर नमुना वाचून दाखवला. आईनं कपाळाला हात लावला. बाप म्हणाला, "थे मी तवाच सांगतलं. मी म्हननार नाई." आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला. कागद मुलीनं माझ्या हातातून घेतला. तिनं तो परत एकदा वाचला, ओठ हलवत, जसं शाळेत वाक्य सोडवतात तसं.

"बा," ती म्हणाली, "पाटलानं तुले काय इचारलं होतं?"

"कोन आहेस तू, असं."

"मंग तू खरंच सांगतलं. आहेस म्हटल्यावर बौद्धच. या खेपेस तू थांबू नको त्याच्या इचारन्यासाठी. तूच सांग, मी कोन होतो. होतो म्हन. 'आहे' म्हनाचंच नाई. होतो म्हनन्यात खोटं काय हाये? आपुन होतोच ना?"

बाप फिरून बसला. तो हळूच म्हणाला, "होतो." जसं कोणी नवी वहाण पायात घालून बघतं. मग आईनं चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर पाटलानं लेखणी वर धरायच्या आधीच बाप बोलला. मी होतो. नागपूरच्या आधी होतो. तसं लिहा. पाटलाला ते आवडलं नाही. तो म्हणाला, होता काय अन् आहे काय, एकच. बाप म्हणाला, एकच आहे तर माझ्या मनासारखं लिहा. मी बाजूला उभा होतो आणि मला वाटलं की मी इतकी वर्षं पत्रकं लिहिली, असं एक वाक्य मला साधलं नाही. पाटलानं लिहिलं. बापानं दाखला मुलीकडून वाचून घेतल्याशिवाय अंगठा उठवला नाही. शेवटचा शब्द तिनं दोनदा वाचला.

तहसील कचेरीत तो छापील नमुना आडवा आला. तिथल्या बाबूनं सांगितलं, छापील शब्द बदलता येत नाही. मी म्हटलं, माणसाचा धर्म बदलतो, राज्य बदलतं, तुमचा 'आहे' बदलत नाही? तो म्हणाला, एवढ्या एका शब्दानं काय फरक पडतो? मी म्हटलं, पडत नसेल तर 'होता' लिहा. आवाज वाढला तसा तहसीलदारांनी आत बोलावलं. तरुण होते. कागद बघून त्रासले, कचेरी ही व्याकरणाची शाळा नाही असं म्हणाले, आणि 'आहे'वर रेघ मारून 'होता' लिहिलं, बाजूला आखूड सही केली. एवढंच काम होतं. कोणालाही कधीही करता आलं असतं.

शिष्यवृत्ती मंजूर झाली. मुलगी पुसदला परत आली आणि अकरावीत बसली, तिच्याहून लहान पोरांबरोबर. त्यांच्यातली काही तिला ताई म्हणायची, काही मुद्दाम आजी म्हणायची. तिचा जुना वर्ग मॅट्रिक होऊन पांगला होता. गेलेल्या वर्षाबद्दल मी यवतमाळला विचारलं. बाबू म्हणाला, हुकूम निघाल्यापासून लागू, मागचं नाही. आणि नेहमीसारखा हसला.

तरी मी विजयाचं पत्रक लिहायला घेतलं. माणसांना धीर यायला हवा, बाकीच्यांनीही 'होता' लिहून घ्यायला हवं, असे माझे हिशेब होते. मथळा ठरला: 'एका शब्दाचा विजय'. छपाईला देण्याआधी तिला दाखवावं म्हणून हायस्कुलाच्या फाटकाशी गेलो. तिचा बाप जिथं गूळ-फुटाणे वाटत उभा होता तीच जागा. तिनं पेन्सिल काढली. मला वाटलं, आता खुणा करील. तिनं एकही खूण केली नाही. मथळ्यावरच सरळ रेघ मारली.

"कायचा विजय, भाऊ?" ती म्हणाली. "माह्या बापाले दोनदा त्या ओसरीखाली उभं केलं. मले वर्षभर कापूस येचाले लावला. आमचं होतं थेच आमाले देलं. तुमाले लिहाचंच हाये तं लिहा, का एका पोरीचं एक वर्ष कोनाकडं हाये, अन् थे कधी देता."

घंटा झाली. ती वर्गात गेली, मी छापखान्यात गेलो. जुळारी मथळ्यासाठी मोठे खिळे काढून बसला होता. मी त्याला ते परत ठेवायला सांगितलं आणि तिचं वाक्य जसं होतं तसं सांगितलं. तो खिळे जुळवू लागला. 'कधी देता'पाशी थांबला आणि म्हणाला, हे कोणाला उद्देशून आहे ते लिहिलेलं नाही, वर नाव कोणाचं टाकू?

मी म्हटलं, नाव टाकू नको. ज्याच्याकडं असेल तो ओळखील. पत्रक मी यवतमाळला त्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवलं. बाबूनं ते वाचलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला खुर्ची दिली नाही.